पळसुले सरांचा महिला सहभाग

बायकांना बोलतं करण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या पळसुले सरांनी माझ्यादेखत एकाही बाईला तिचं वाक्य पुरं करू दिलं नाही. "आमच्याकडं पानी..." एवढं कुणी म्हणालं की सर डोळे मिटून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "येत नाही! बरोबर. आणि त्यामुळे मुलीची शाळा बुडते. बरोबर?" बाईला मुलगी नसली तरी ती हो म्हणायची. समोरचा माणूस इतक्या आशेने बघत असताना नाही कसं म्हणणार? मग सर माझ्याकडे वळायचे. "लिहून घे. किती ताकदीने बोलल्या बघ ताई."

विरार पूर्वेला एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. दुपारी खाली कढई चढली की वर आमच्या कागदांना शेवेचा वास यायचा. संस्था पाण्याची कामं करायची. म्हणजे पाणी आणायची नाही, पाण्याच्या कामात माणसं आणायची. बाहेरून पैसा येणाऱ्या योजनांना हल्ली अट असते, की समितीत बायका हव्यात, आदिवासी हवेत, ज्यांना कुणी विचारत नाही ते सगळे हवेत. अट चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. सर त्या अटीचे पुजारी होते आणि पुजाऱ्याकडून देवाचे जे हाल होतात ते मी रोज बघत होते.

ऑफिसात आम्ही तिघंच. सर, मी आणि सेलिन. सेलिन वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातली. घरची केळीची वाडी, चर्चच्या महिला मंडळात भांडायला शिकलेली, आणि सरांसमोर गप्प बसणं तिला जमत नसे. सर आधी कुठल्याशा कंपनीत माणसांना कामावरून काढायच्या खात्यात होते, असं ती सांगायची. "तिथे बाहेर काढायचे, इथे आत घेतात. दोन्हीकडे विचारत कुणालाच नाहीत." खरंखोटं तिला माहीत. सर उंच होते, गोरे होते, साठीला टेकलेले होते, आणि त्यांच्याकडे हातमागाची पुष्कळ जाकिटं होती. प्रत्येक जाकीट कुठल्या ना कुठल्या भगिनींनी विणलेलं असायचं. भगिनींचा जिल्हा ते विचारायच्या आत सांगत.

त्यांची एक गोष्ट मी मान्य करते. ते लबाड नव्हते. कुणाचा पैसा खाल्ला नाही, आमच्या रजा अडवल्या नाहीत, कुणा बाईकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. पण लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं, अडचणीत सापडला तर तो ओशाळतो तरी. सर कशानेच ओशाळत नसत.

आमचं मुख्य काम होतं नालासोपारा पूर्वेला, आचोळ्याच्याही पलीकडे, टेकडीला चिकटलेल्या एका वारली पाड्यावर. एकेकाळी तो जंगलात असेल. आता खाली चाळी, समोर उंच इमारती, आणि मधे सापडलेली ती तीसेक घरं. इमारतींना पाणी नेणारा मोठा पाइप पाड्याच्या कडेने, बायकांच्या अक्षरशः पायाखालून गेलेला होता. पाड्याला मात्र नळ नव्हता. बायका खालच्या चाळीच्या नळावर जात. चाळीतल्यांचं भरून झालं की त्यांना भरू देत, कधी देतही नसत. कधी कुणाचा हंडा पायाने सरकवलेला असायचा. पाड्याला स्वतःचा नळ मिळावा, एवढीच मागणी होती. त्यासाठी समिती हवी होती, समितीचा ठराव हवा होता, आणि ते सगळं करून द्यायला पळसुले सर होते.

सरांची बसण्याची एक पद्धत होती. आम्ही पाड्यावर पोचलो की बायका धावत जाऊन कुणाच्या तरी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणत, पदराने पुसत. सर ती हाताने दूर सारत. "नाही, नाही. तुम्ही खाली, तर मीही खाली." आणि मातीत मांडी घालत. भावना थोर होती, गुडघे साथ देत नव्हते. तासाभराने उठायची वेळ झाली की दोन बायकांनी दोन बगलांत हात घालून त्यांना उभं करायचं. एकदा त्या कामाला एक सातव्या महिन्यातली पोर लागली होती. ती ओढतेय, सर "हळू, ताई, हळू" म्हणतायत, आणि बाजूला रिकाम्या खुर्चीवर एक शेळी पुढचे पाय टेकवून उभी आहे. त्यांना खुर्चीवर बसवलं असतं तर समतेचं काही बिघडलं नसतं आणि त्या पोरीची कंबर वाचली असती.

वारली माणूस सगळ्यांना एकेरीत बोलतो. कलेक्टरला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, कुत्र्यालाही तू म्हणतो. पाड्यावरच्या पहिल्याच दिवशी एक म्हातारी सरांना म्हणाली, "तू कोनाचा रं?" परतीच्या रिक्षात सरांचे डोळे भरून आले. "बघितलंत? पहिल्या भेटीत तू! मला त्यांनी आपलं मानलं." सेलिन म्हणाली, "सर, तिने रिक्षावाल्यालाही तूच म्हटलं." सरांनी ऐकलं नाही. त्यांना नको असलेलं वाक्य त्यांच्या कानापर्यंत कधी पोचतच नसे.

बैठक नेहमी चार वाजता. आणि खालच्या चाळीला पाणीही चारलाच यायचं. सर जेवून, जरा पडून, तीनला निघत आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परतत, म्हणून चार. त्यामुळे आमच्या महिला बैठकांना पुरुष येत, म्हाताऱ्या येत, तापाने पडलेली एखादी येई. बाकीच्या सगळ्या खाली चाळीच्या फाटकाशी हंडे घेऊन उभ्या. सर उसासा टाकून अहवालात लिहीत, 'महिलांमध्ये पाणीप्रश्नाबाबत उदासीनता आढळली.' पाण्यासाठी उभ्या असलेल्या बायकांना पाण्याबद्दल उदासीन ठरवायला फार शिक्षण लागतं. शेवटी सेलिन म्हणालीच, "सर, चारला पाणी असतं हो. बैठक सकाळी घेऊ."

"अगदी बरोबर मुद्दा!" सर म्हणाले. कुठलाही मुद्दा त्यांना आधी अगदी बरोबर वाटायचा. "पण सेलिन, कधीतरी या भगिनींनी स्वतःसाठी वेळ काढायला शिकलं पाहिजे की नाही?"

बैठक चारलाच राहिली. मग सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, 'पाणीभगिनी' नावाचा. पाड्यावर बायकांकडे फोन नव्हते, नवऱ्यांकडे होते. तेव्हा गटात सगळे नवरेच. रोज सकाळी सर गुलाबाच्या फुलासकट लिहीत, 'सुप्रभात भगिनींनो, आज तुम्ही स्वतःला काय भेट देणार?' आणि इमारतीच्या पायाचे खड्डे खणायला निघालेले मिशीवाले बाप्ये खाली अंगठा दाखवत.

पण खरी कमाल केली ती लाटण्याने. सर कुठल्याशा शिबिरातून शिकून आले, की बैठकीत एक वस्तू फिरवायची. जिच्या हातात वस्तू, तीच बोलणार, बाकीचे ऐकणार. वस्तू स्त्रीजीवनाशी जोडलेली हवी. सरांनी तुळिंजच्या बाजारातून नवंकोरं शिसवी लाटणं आणलं, त्याला लाल रिबीन बांधली, आणि चाळीचं पाणी उशिरा येणार म्हणून बायका पाड्यावरच होत्या अशा एका दिवशी ते दोन्ही हातांत धरून त्यावर बोलायला सुरुवात केली. हे लाटणं म्हणजे तुमचं घर, तुमचं कष्टाचं जग, उद्या हेच तुमचं हत्यार, वगैरे. लाटणं त्यांच्या हातात असल्यामुळे नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाला बोलता येईना. पाऊण तासाने ते पहिल्या बाईकडे गेलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं, शेजारणीला दाखवलं. शेजारणीने वास घेतला. मग ती विचारती झाली, "ह्याचा काय करतात?"

पाड्यावर तांदळाची भाकर, तीही हातावर थापलेली. लाटणं त्या घरांत कधी शिरलेलंच नव्हतं. सेलिन तोंडावर रुमाल धरून शेळीकडे बघत बसली. सर माझ्याकडे वळले, "लिहून घे. मूलभूत साधनांचाही अभाव."

त्या दिवशी ते लाटणं फिरत फिरत जमनीकडे गेलं. जमनी तिशीची असेल, सावळी, काटक, कपाळाला कायम एक आठी. समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर भांडी घासायला जायची. तिथे नळाखाली एकेक पेला धुवायचा आणि चारला परत येऊन चाळीच्या फाटकाशी रिकामा हंडा घेऊन उभं राहायचं, असा तिचा दिवस. ती गरीब स्वभावाची वगैरे मुळीच नव्हती. शेजारणींशी तिची भांडणं व्हायची तेव्हा आवाज खालच्या चाळीत जायचा. पण आमच्यासमोर ती बोलत नसे. तिने लाटणं घेतलं, सरांकडे नुसतं बघितलं, आणि मांडीखाली ठेवून दिलं. झालं, बैठक तिथेच थांबली. लाटण्याशिवाय कुणाला बोलता येईना आणि जमनी ते देईना.

सरांना ती फार आवडली. "हीच! समितीवर हीच हवी." कारण विचारलं तर म्हणाले, "चेहरा बघ तिचा. केवढं दुःख साठलंय. आणि बोलत नाही. जी बोलत नाही तीच खरी वंचित." शिवाय जमनी बाई होती आणि आदिवासीही होती, म्हणजे एका खुर्चीत दोन अटी बसत होत्या आणि दुसरी खुर्ची चाळीच्या मालकाला मोकळी राहत होती. हे दुसरं कारण सरांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या मनात होतं असंही मी म्हणत नाही. त्यांच्या मनात फक्त चांगले विचार येत, आणि सोय आपोआप होत असे.

समिती झाली, आता नळ कुठे बसवायचा ते ठरवायचं होतं. त्यासाठी रांगोळीचा नकाशा. बायकांनी जमिनीवर रांगोळीने आपली वस्ती काढायची आणि नळाची जागा दाखवायची, अशी ती रीत. सेलिनने भांडून भांडून त्या दिवसापुरती बैठक सकाळची करून घेतली होती, त्यामुळे बायका चांगल्या जमल्या. आणि मी खरं सांगते, त्या दिवशी प्रथमच काहीतरी काम होतंय असं वाटलं. त्या वाकल्या, वाद घालू लागल्या. ही तुझी झोपडी, हा चढ, इथं मोठा पाइप, इथं करंजाचं झाड. जमनी उठली, निळ्या रंगाची मूठ भरली आणि झाडापाशी, वस्तीच्या मधोमध, भला मोठा गोळा ओतला. "नल इथं." कुणाचाच वाद नव्हता. तिथून सगळ्यांची घरं सारखी पडत होती आणि चाळीचं फाटक दिसतसुद्धा नव्हतं.

सर कॅमेऱ्यासाठी उंच जागा शोधत होते. तेवढ्यात खाली रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. त्या आठवड्यापासून चाळीचंही पाणी गेलं होतं आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. बायका उठल्या आणि हंडे घ्यायला सुटल्या. समोर नकाशा होता. त्यांनी तो तुडवला. सर हात पसरून आडवे आले. "अहो, नकाशा! भगिनींनो, नकाशा! फोटो झाला नाही अजून!" आणि त्यांना अडवता अडवता ते स्वतःच करंजावरून, पाइपावरून, सगळ्या घरांवरून पळत गेले. एका मिनिटात तिथे रंगीत माती उरली. सर त्यात उभे राहून म्हणाले, "बघा, यांना दीर्घकालीन विचारच करता येत नाही."

नकाशा पुढे सरांनी ऑफिसात बसून आठवणीने काढला. त्यात नळ खाली रस्त्याच्या कडेला आला, चाळीच्या फाटकासमोर. सेलिनने विचारलं तर म्हणाले, "पाहुण्यांच्या गाड्या वर चढत नाहीत गं." तिथे चाळीच्याच जुन्या, बारीक पाइपाला जोड देऊन नळ बांधायला घेतला. काम बघून जमनी एकटीच आमच्याकडे आली. पहिल्यांदाच सरांशी बोलली.

"आमी तिथं नाय काढला."

"ताई, हे लोकसहभागातून ठरलंय," सर म्हणाले.

"कोनत्या लोकांच्या?"

"तुमच्याच!" सर हसले आणि तिच्या खांद्यावरून थोपटल्यासारखा हात हवेत फिरवला. जमनी गेली. मला त्या वेळी सरांचा इतका राग आला की घरी जाऊन मी जेवले नाही. पण चाळीच्या पाइपालाच पाणी नाही तर त्याला लावलेल्या नळाला कुठून येणार, हे अडाणी माणसालाही कळलं असतं. सरांना कळलं ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. तेव्हा ठेकेदाराने सुचवलं आणि सरांनी मान डोलावली. चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत टँकरने पाणी भरायचं आणि तिथून एक नळी गुपचूप खाली नळाला जोडायची. "प्रातिनिधिक पाणी," असं सर म्हणाले. हा शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा उच्चारला.

उद्घाटनाला दिल्लीहून देणगीदारांकडचे दोघे पाहुणे आले होते, पाणीखात्याचे एक साहेब होते, चाळीचा मालक फेटा बांधून होता. नळ जमनीच्या हातून सोडायचा होता. ती नेहमीच्या वेषात आली, म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या बाईने दिलेला फुलाफुलांचा गाऊन आणि वर टॉवेल. सर कासावीस झाले. "ताई, तुमचं पारंपरिक काही नाही का हो?" कुणाचं तरी जुनं लुगडं आणून तिला नेसवलं, तेव्हा कुठे त्यांना ती वारली वाटायला लागली. भाषणं झाली. सर बोलले, मालक बोलला, साहेब बोलले. जमनीला बोलायला कुणी सांगितलं नाही, तिच्यासाठी 'आता जमनीताई नळ सोडून आपला आवाज व्यक्त करतील' अशी सोय होती.

जमनीने नळ सोडला. पाणी धो धो आलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

"बस, ताई," सर म्हणाले. "बंद करा आता. पाणी वाया जातंय."

"नको."

"अहो, पाणी वाचवा हाच तर आपला संदेश आहे."

"किती हाय ते बगू दे," जमनी म्हणाली आणि नळावर पंजा ठेवून उभी राहिली.

मागच्या बायका न सांगता हंडे घेऊन पुढे आल्या. एकीचा भरला, दुसरीचा भरला, तिसरीचा लागला. कुणी गडबड करत नव्हतं. पाहुणे कौतुकाने बघत होते. सर हसत होते, पण त्यांचं लक्ष गच्चीकडे होतं. हळूहळू धार बारीक झाली, मग नळ खोकायला लागला, मग नुसती हवा. आणि त्या शांततेत गच्चीवरचा माणूस कठड्यावरून वाकून मोठ्याने ओरडला, "सर, टाकी खाली झाली! दुसरा टँकर मागवू का?"

दिल्लीचे पाहुणे सेलिनकडे वळले, तो माणूस काय म्हणाला ते विचारायला. सेलिनने एक शब्द न गाळता हिंदीत सांगितलं. वर नळी कुठून कुठे जाते तेही हात करून दाखवलं. जमनीने नळ बंद करायचे कष्ट घेतले नाहीत. पाणीखात्याच्या साहेबांना ती म्हणाली, "पानी हाय. आमचे पायाखालशी जाते. ह्या नलात नाय, त्या पाइपात. आमी जागा दावली होती, करंजाखाली." आणि लुगड्याचा ओचा खोचून वर निघून गेली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दिल्लीला पुढे काय कागद गेले ते मला कळलं नाही, पण पावसाळ्याआधी मोठ्या पाइपाला फाटा फुटला आणि पाड्याच्या मधोमध, करंजाखाली नळ आला. एक दिवसाआड, सकाळी. पाड्याने त्या दिवशी कोंबडी कापली.

आता दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. सर पुढच्याच आठवड्यात विरारच्या एका सभागृहात शिबिरार्थींना सांगत होते, "त्या क्षणी जमनीताईंनी नळाचा ताबा घेतला. मी मुद्दामच थांबलो. मध्ये पडलो नाही. स्वामित्वाची भावना ही अशी फुलू द्यावी लागते!" मी मागच्या रांगेत होते. तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला ते तसंच आठवत होतं. टाकी, नळी, टँकर यातलं काही त्याच्या डोक्यात उरलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण तशा माणसाला आपण कोरडे आहोत एवढं तरी माहीत असावं.

त्या गोष्टीवर त्यांना पुरस्कार मिळाला. महिला आणि वंचितांच्या सहभागासाठी. मुंबईत मोठा सोहळा, आणि मंचावर जमनीताई शेजारी हव्यातच, असं सरांनी आयोजकांना कळवून टाकलेलं. जमनीला तेवढं विचारायचं राहिलं होतं. सोहळ्याच्या सकाळी आम्ही गाडी घेऊन पाड्याखाली पोचलो. मी नोटिशीवर होते, तो माझा संस्थेतला शेवटचा दिवस होता. सरांच्या अंगावर नवीन जाकीट होतं, पांढरं.

पाण्याचा दिवस होता. करंजाखाली रांग लागलेली. जमनी रांगेत, पायाशी हंडा.

"चला ताई, गाडी आलीय," सर म्हणाले. "आज तुमचा सन्मान!"

"पानी यायचा हाय."

"अहो, एक दिवस राहू दे. मोठी माणसं वाट बघतायत."

जमनीने त्यांच्याकडे बघितलं, लाटणं मांडीखाली ठेवताना बघितलं होतं तसं. मग म्हणाली, "येते. घरी भात टाकून, पोरांना देऊन येते. तवर माझा नंबर धर."

सरांनी माझ्याकडे हात केला. "ही धरेल."

"ती कशाला? मला नेयाचा तुला हाय."

आणि ती चढावरून घराकडे गेलीसुद्धा. सोहळा आमच्याशिवाय झाला, ते इथेच सांगून टाकते. सर हंड्यामागे उभे राहिले. रांगेतल्या बायका एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. सरांना ते जिव्हाळ्याचं वाटलं असावं, कारण घसा साफ करून त्यांनी "भगिनींनो" एवढं म्हटलं. "हंडा उचल, मंग बोल," मागची म्हणाली. पाणी येऊन रांग सरकू लागली तशी चढावर त्यांना हंडा पायाने ढकलता येईना, वाकून उचलायला लागला. दर वेळी वाकताना गुडघ्यावर हात. पळसुले सर गप्प आहेत, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांचा नंबर आला. हंडा भरला. डोक्यावर घ्यायची कला नव्हती, कमरेवर टिकेना, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि चढ चढायला लागले. पाणी हिंदकळून जाकिटावर, पायजम्यावर, चपलेत. मी मागून गेले. मदतीला हात पुढे केला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मधे ते दोनदा टेकले. वर पोचले तेव्हा तोंड लाल झालं होतं.

जमनी चुलीपाशी होती. उठून आली, हंड्यात वाकून बघितलं.

"अर्दाच आनलास."

"सांडलं हो थोडं," सर धापा टाकत म्हणाले. "ताई, उशीर होतोय. निघूया ना?"

"अर्द्यात काय व्हल? भात शिजवू, का पोरांना पाजू? परवापरयंत पानी नाय." तिने तेवढं पाणी आपल्या मडक्यात ओतून घेतलं आणि रिकामा हंडा त्यांच्या हातात परत दिला. "जा. लायनीच्या मागं लाग."

सर तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, अगदी बरोबर मुद्दा.  खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांनी नुसतं जाकीट काढलं, पिळलं, माझ्या हातात दिलं आणि हंडा काखेला मारून उतरायला लागले. घसरू नये म्हणून ते पाय आडवे टाकत होते, पाड्यावरच्या म्हाताऱ्या टाकतात तसे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथे. रांग आता झाडाच्या सावलीबाहेर गेली होती. सर तिच्या टोकाला जाऊन उन्हात उभे राहिले. नळावर कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही, आणि त्यांनीही आपण कोण आहोत ते कुणाला सांगितलं नाही. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रांग हलली, त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्यामागे एक बाई नुकतीच हंडा घेऊन आली होती. तिने त्यांच्या पाठीला बोट लावलं आणि म्हणाली, "सरक रं पुढं." सर वाकले, हंडा उचलला आणि सरकले.